बारा गाड्यांचे जोड

"झाकायच्या आधी बघून घ्या!"

मिस्त्रींचा हा आवाज स्टिअरिंगखालून आला की माझं डोकं फिरायचं. कारण आता गिऱ्हाईक शोधून आणायचं. ते चहाला गेलेलं असायचं, नाहीतर फोनवर बोलत हायवेच्या कडेनं हिंडत असायचं. त्याला धरून आणायचं, वाकवायचं, डोकं डॅशबोर्डखाली घालायला लावायचं आणि वायरचा उघडा जोड दाखवायचा. गिऱ्हाइकानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मिस्त्री त्या जोडावर नळी चढवायचे नाहीत. काही झालं तरी नाहीत.

"बघितला," गिऱ्हाईक म्हणायचं.

"कसा हाय?"

"चांगलाय की."

"चांगला कशावरनं?"

गिऱ्हाइकाला यातलं काय कळणार? मग मिस्त्री आडवे पडल्या पडल्या शाळा घ्यायचे. तांब्याची एक तार बाहेर राहिलीय का बघा. वायरचं कातडं जोडात शिरलंय का बघा. पक्कडीचा दाब मधोमध बसलाय का बघा. बाहेर तीन गाड्या उभ्या, त्यांचे मालक घड्याळ बघतायत, आणि आत हा माणूस एका इंचाच्या जोडावर बोलतोय. मी दुकानदार आहे. माझा जीव त्या तीन गाड्यांत अडकलेला असायचा.

माझं दुकान साताऱ्याच्या बायपासला आहे. तेव्हा नुसती पत्र्याची शेड होती. सीट कव्हर, हॉर्न, जादा दिवे, मागचा कॅमेरा, मोबाईलचे चार्जर, जे गाडीबरोबर येत नाही ते सगळं मी बसवून देतो. मी माण तालुक्यातला. दहिवडीहून मोटरसायकलला सीट कव्हरांचे दोन गठ्ठे बांधून निघालो होतो, त्या दिवसापासून मला कुणी काही फुकट दिलेलं नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून. मुंबईच्या व्यापाऱ्याला मी तासभर पायरीवर बसवून भाव उतरवलेला आहे. याचा मला अभिमान आहे आणि तो का नसावा, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

मिस्त्री लोणंदचे. साठीच्या आसपास, काडीसारखे, पण बोटं अशी की पक्कड विसरली तरी चालेल. त्यांचे वडील सायकली दुरुस्त करायचे. यांनी ट्रकच्या वायरिंगवर आयुष्य काढलं, मग माझ्याकडे आले. माझ्याकडे म्हणजे माझ्या दुकानात. माझ्या हाताखाली ते कधीच नव्हते. त्यांना तसं वाटलं नाही आणि मलाही तसं वाटू दिलं नाही.

वाईचे एक वकील होते. पोट मोठं, गाडी त्याहून मोठी. मागचा कॅमेरा बसवायला आले. आतून हाक आली. वकील दोनदा वाकले, दोनदा वर आले, घामाघूम झाले.

"अहो मिस्त्री, मला दिसत नाही. माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"माजा न्हाई," आतून उत्तर आलं.

"म्हणजे?"

"माजा माज्यावर न्हाई, वकीलसाहेब. म्हणून तर तुमाला बोलावतोय."

शेवटी मी आरसा आणला. मिस्त्रींनी तो खाली धरला, वर वकिलांनी मोबाईलची बॅटरी लावली, आणि कोर्टात पुरावा तपासावा तसा वकिलांनी आरशात तो जोड तपासला. जाताना मला म्हणाले, "साक्षीदार असा पाहिजे." मला हसू आलं नाही. अर्धा तास गेला होता.

गाडीला हात लावायच्या आधी ते बॅटरीची वायर सुटी करायचे आणि तिचा नट काढून स्वतःच्या खिशात टाकायचे. गिऱ्हाइकानं मध्येच चावी फिरवू नये म्हणून. एका शुक्रवारी ते नमाजाला गेले तेव्हा एका डॉक्टरांच्या गाडीचा नट खिशातच. डॉक्टरांना दवाखान्यात पेशंट, मिस्त्री मशिदीत, आणि मी बॉनेट उघडून उभा. असले नट माझ्याकडे डबाभर होते, पण त्या मापाचा एक सापडेल तर शपथ. ते परत आले तेव्हा मी रस्त्यावरच सुरुवात केली.

"मिस्त्री, माणूस मरंल तिकडं!"

"कुणाच्या हातनं?" त्यांनी शांतपणे नट काढला. "माज्या हातनं तरी मरणार न्हाई. बाकीचं डॉक्टर बघतील."

डॉक्टर हसले. मी एकटाच रागावलेला राहिलो. असं नेहमी व्हायचं. ते काहीतरी बोलून जायचे, गिऱ्हाईक खूश व्हायचं, आणि तोंड वाईट माझं दिसायचं.

आता त्यांच्या कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गाडीत नवीन दिवा बसवायचा म्हणजे गाडीच्या मूळ वायरला आपली वायर जोडायची. बाजारात निळी क्लिप मिळते. दोन्ही वायरी तिच्यात घाला, दाबा, आतलं पातं कातडं फाडून तांब्यापर्यंत जातं, झालं काम. दहा सेकंद. सगळा महाराष्ट्र ती क्लिप वापरतो. मी एकदा दोनशेचा डबा स्वस्तात आणला. मिस्त्रींनी एक क्लिप घेतली, वायरवर दाबली, पुन्हा उघडली आणि माझ्यापुढे धरली. वायरच्या सात तारांपैकी दोन तुटल्या होत्या.

"ही चावती, शेठ. चावून धरलेलं कवा सुटंल सांगता येत न्हाई."

डबा त्यांनी फेकला नाही. फेकला असता तर भांडता आलं असतं. वरच्या फळीवर ठेवला आणि पुन्हा तिकडे बघितलं नाही.

वायरी पिळून टेप मारणं त्यांना चालायचं नाही. उन्हानं टेपचा डिंक वितळतो आणि उन्हाळ्यात जोड उघडा पडतो. बरं, मग वितळलेल्या कथलाचा डाग मारा, मी म्हणायचो, रेडिओवाले मारतात.

"रेडिओ टेबलावर बसतो. गाडी हालती. डाग मारला की वायर तेवढ्यात कडक हुती. मऊ आणि कडक जिथं भेटतंय, तिथंच तुटतंय."

त्यांची पद्धत एकच. वायर सोलायची, तार एकही न कापता. वायरच्या मापाचीच तांब्याची पुंगळी घ्यायची, दोन्हीकडून तारा आत सरकवायच्या, दाबायच्या पक्कडीनं दाबायचं. मग ओढून बघायचं. ओढताना ते तोंड फिरवायचे. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "बघत ओढलं की हात कच खातो. आपलंच काम आसतंय न्हवं." ओढून झालं की गिऱ्हाईक, मग गरम हवेनं आवळणारी नळी, मग तो जोड मूळ वायरिंगच्या गठ्ठ्याला बांधून टाकायचा, लोंबकळता ठेवायचा नाही. दोन वायरींचे जोड शेजारी शेजारी घ्यायचे नाहीत, पुढंमागं घ्यायचे. म्हणजे समजा एक उघडा पडलाच, तर दुसऱ्याला चिकटणार नाही.

आणि वायर. दुकानात वायरचं नवं बंडल आलं की ते टोक सोलायचे, ब्लेडनं तार खरवडायचे, आतपर्यंत लाल आहे ना बघायचे आणि मग बंडल लाकडी रिळावर गुंडाळायचे. रिळावरची वायर म्हणजे तपासलेली वायर. ती त्यांनी पुन्हा कधी खरवडली नाही. मला हे माहीत होतं. सांगून ठेवतो, मला हे चांगलं माहीत होतं.

सांगलीचा एक गाड्यांचा मालक होता. कारखान्यांतल्या कामगारांची ने-आण करणाऱ्या त्याच्या तीस गाड्या. प्रत्येक गाडीत मागचा कॅमेरा, आतले दिवे, प्रत्येक सीटजवळ चार्जर. इस्लामपूरपासून मिरजेपर्यंत सगळे दुकानदार त्याच्या दारात होते. मी तीन वेळा गेलो, तीन वेळा उठून निघाल्याचं सोंग केलं, आणि काम घेऊन आलो. आधी बारा गाड्या करून द्यायच्या. पसंत पडल्या तर उरलेल्या अठरा. त्या अठरा माझ्या झाल्या असत्या तर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला असता. बायकोला मी जागा दाखवून ठेवली होती, काउंटर कुठं, काच कुठं.

काम इतक्या ओढाताणीत घेतलेलं की कुठंतरी वाचवायलाच हवं होतं. वायरचा एक नवा विकणारा आला. त्यानं भाव सांगितला, मी सवयीनं निम्मा सांगितला. तो म्हणाला, "न्या."

एवढी वर्षं मी घासाघीस करतोय. जो लगेच ‘न्या’ म्हणतो त्याच्या मालात काहीतरी आहे, हे मला कळायला हवं होतं. कळलं होतं. मी बंडलं घेतली आणि मिस्त्री जेवायला गेले असताना ती स्वतःच्या हातानं लाकडी रिळावर गुंडाळली. विचारलं असतं तर सांगणार होतो, जागा नव्हती म्हणून. त्यांनी विचारलं नाही.

बारा गाड्या झाल्या. एकही जोड ओढताना सुटला नाही. गाड्या सांगलीला गेल्या. मालकाचा फोन आला, काम झकास आहे.

त्यानंतर आठवड्यानं औंधच्या एका माणसाच्या जीपला मिस्त्री धुक्याचे दिवे बसवत होते. त्याच रिळातली उरलेली वायर. मी काउंटरवर होतो. आतून हाक आली नाही. मग ते बाहेर आले. हातात वीतभर वायर. त्यांनी एक तार वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली, ती तुटली. ब्लेड काढलं, दुसरी तार खरवडली आणि काउंटरवर माझ्यापुढे ठेवली. वरून लाल, आतून पांढरी. ॲल्युमिनियमला तांब्याचा मुलामा.

"रिळावर कुणी गुंडाळली?"

मी म्हणालो, "ओढून बघितलात की सगळे जोड. सुटला का एक तरी?"

"आज न्हाई सुटायचा. गरम व्हईल, गार व्हईल, ढिला पडंल. ढिला जोड तापतो, शेठ. सीटखाली तापंल. वर माणसं बसलीत."

"किती गाड्यांत अशी वायर असती, मिस्त्री! जगात सगळ्या जळत्यात का?"

"जगातल्या जोडांचं मला म्हाईत न्हाई. त्या बारा गाड्यांतलं जोड माजं हायत. खोलायच्या सगळ्या."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. गाड्या परत मागवायच्या म्हणजे अठरा गाड्यांवर पाणी, हे त्यांना दिसत कसं नाही? थोडे दिवस थांबा, म्हटलं, अठरांचा करार होऊ दे, मग एकेक गाडी काहीतरी कारण काढून बोलावू. त्यांनी ती वीतभर वायर कचऱ्यात टाकली. मग जीपचं काम जुन्या शिल्लक वायरनं पुरं केलं, मालकाला जोड दाखवला, नळी चढवली, आपली पक्कड पिशवीत टाकली आणि साताऱ्याच्या स्टँडवरून सांगलीची एसटी पकडली.

मी वाट बघत बसलो. आज मालकाचा फोन येणार, उद्या येणार. तो विचारेल, मी काय सांगायचं? वायर व्यापाऱ्यानं फसवून दिली? मिस्त्रीनंच तपासली नाही? सगळी उत्तरं तयार केली. रस्त्यानं चालताना ओठ हलायचे माझे. गिऱ्हाइकांवर खेकसलो, घरी ताटावरून उठलो. फोन आलाच नाही. नऊ दिवस मिस्त्री सांगलीत त्या मालकाच्या आवारात होते. वायर त्यांनी तिथंच आणली, बारा गाड्या खोलल्या, बाराही नव्यानं जोडल्या. दहाव्या दिवशी ते परत येऊन नेहमीसारखे कामाला लागले. मला काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही.

मग मालकानं बोलावलं. अठरा गाड्यांसाठी.

मी सांगलीला गेलो तो इस्त्रीच्या शर्टात. मालकानं चहा मागवला. म्हणाला, "तुमचं आमचं काही वाकडं नाही. काम तुम्हालाच देतो. पण तो म्हातारा नको."

"कोण, मिस्त्री?"

"त्यानंच येऊन सांगितलं की. म्हणाला, वायर माज्या नजरंखालनं गेली, मी बघितली न्हाई, माजी चूक. माणूस खरा आहे, मान्य. पण डोळे गेलेत त्याचे. असल्या माणसाच्या हातात माझ्या गाड्या कशा द्यायच्या? दुसरा तरणा कुणीतरी आणा आणि उद्यापासून सुरू करा."

अठरा गाड्या समोर टेबलावर होत्या. नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं. मी आयुष्यात याहून सोपा सौदा बघितलेला नाही. आणि हे खरं सांगतो, माझ्या तोंडात ‘बरं’ आलंही होतं.

पण तो थांबला नाही. हसत म्हणाला, "नऊ दिवस आवारात बसून होतं येडं. ड्रायव्हरांना धरून आणून वायरी दाखवत होतं. आमची पोरं नक्कल करायची त्याची."

माझं टाळकं सरकलं.

"डोळं गेलं असतील तुमचं! त्यांचं न्हाईत गेलं," मी म्हणालो. उभा राहूनच म्हणालो. "वायर मी आणली. मी गुंडाळली रिळावर, ते जेवाय गेल्यावर. त्यांनी बघू नये म्हणून गुंडाळली. आता बोला!"

मालकानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मग हे काम त्यांनाच दिलं पाहिजे. तुम्हाला नाही. वायर मी आणून देईन."

सांगली ते सातारा मी गाडी कशी चालवली, मला आठवत नाही. कऱ्हाडला दोनदा थांबलो आणि दोनदा चहा न पिता निघालो. कुणावर चिडायचं तेच ठरत नव्हतं. मालकावर? त्या विकणाऱ्यावर? या मिस्त्रीनं मालकापुढं माझं नाव घेतलं असतं तर मी त्याला जन्मभर शिव्या घालून मोकळा झालो असतो. तीसुद्धा सोय त्यानं ठेवली नाही.

दोन दिवसांनी सकाळी मिस्त्री काउंटरपुढे उभे.

"शेठ, सांगलीचं काम आलंय."

"म्हाईत हाय मला."

"घिऊ का?"

"मला कशाला इचारता? तुमाला दिलंय, तुमी घ्या!"

"घेतो. गाड्यांचं काम हाय, कुणीतरी करायचंच हाय." त्यांनी पक्कड पिशवीत टाकली. "एक माणूस लागतोय जोडीला. बत्ती धराय, वायर सोलाय. याल का?"

"मी? तुमच्या हाताखाली?"

"हाताखाली कुटलं? गाडीखाली."

मी त्यांना नको ते बोललो. ते गेले. मी अर्धा दिवस दुकानात येरझाऱ्या घातल्या, मग शटर ओढलं, बायकोला फोन केला आणि त्यांच्या मागोमाग सांगली गाठली. रागानंच गेलो. माझ्याशिवाय यांचं कसं चालतं ते बघायचं होतं.

त्यांचं छान चाललं होतं.

अठरा गाड्या, तीन आठवडे. मी बत्ती धरली. मी वायर सोलली, एकेक तार मोजत, आणि एक जरी कापली गेली तरी ते ती वायर तोडून टाकायचे आणि पुन्हा सोलायला लावायचे. मालक येता-जाता बघायचा. ड्रायव्हर मला ‘ए बत्ती’ म्हणायचे. एकानं विचारलं, "ह्यो कोण रं नवा?" मिस्त्री आतून म्हणाले, "माजा शेठ हाय." सगळे हसले. त्यांनी गंमत केलेली नव्हती.

सोलून सोलून माझा हात बसला. दहाव्या गाडीपासून एकही तार कापली गेली नाही. पुंगळी कोणत्या मापाची, पक्कड कुठं धरायची, दाब किती, सगळं डोळ्यांना पाठ झालं. मी वाट बघत होतो. ते म्हणतील, घ्या पक्कड. मी मागणार नव्हतो. मी कधी कुणाकडे मागितलेलं नाही.

अठराव्या गाडीचा शेवटचा जोड राहिला तेव्हा मी मागितलं.

"मिस्त्री, ह्यो एक मला मारू द्या."

ते गाडीखाली पाठीवर पडलेले. त्यांनी बत्ती माझ्या हातातून घेतली आणि माझ्याच हातावर उजेड पाडला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग बत्ती मला परत दिली आणि पक्कड स्वतः उचलली.

"हात चांगला हाय, शेठ," ते म्हणाले. "पुढच्या गाडीला मारा."

गाड्या अठराच होत्या. हे त्यांनाही माहीत होतं.